इंटरव्ह्यू मुंबईत, तपासणी आधी गावात

आखाती देशातल्या नोकरीचा इंटरव्ह्यू मुंबईला असला, की आपल्या नांदेड-लातूरकडची मंडळी मुलाला सहसा एकटे पाठवत नाहीत. वडील निघतात, आई निघते, मुंबई पाहिली नाही म्हणून धाकटी बहीण निघते आणि एजंटशी बोलायला मामा तर लागतातच. नोकरी लागो न लागो, सिद्धिविनायकाचे दर्शन तरी घडेल, असा त्यात हिशेब असतो. हिशेब वाईट नाही. पण या प्रवासाच्या आधी ना नंतर, हीच मंडळी दवाखान्यात येऊन बसतात, म्हणून आज थोडे लिहितो.

उदगीरकडचा एक वेल्डर मुलगा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. इंटरव्ह्यू पास, ट्रेड टेस्ट पास. वडिलांनी सोयाबीनचे पैसे, वर पाहुण्यांकडून उसने घेऊन एजंटला दिलेले. मग मेडिकल झाले आणि शेरा पडला, 'अनफिट'. मुलाला खोकला नाही, ताप नाही, वजन चांगले. बारावीत असताना त्याला क्षयरोग झाला होता. सहा महिने नेमाने गोळ्या खाऊन तो पूर्ण बराही झाला होता. पण जखम भरली तरी कातडीवर व्रण राहतो, तसा फुफ्फुसावर राहिला होता, आणि आखाती देशांच्या नियमांत जुना व्रणही चालत नाही. "साहेब, डाग जायच्या गोळ्या द्या," वडील सारखे म्हणत होते. डाग गोळ्यांनी जात नाही. रोगच उरलेला नाही, तर औषध कशावर द्यायचे?

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या सहा देशांसाठीची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रांतच होते. पूर्वी तिला 'गाम्का' म्हणत, आता 'वाफिद' म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र गाम्काच आहे. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, गुप्तरोग, रक्त-लघवी असे सगळे त्यात येते. तिथे गेल्यावर पुन्हा तपासतात, त्यामुळे दुसऱ्याचा एक्स-रे लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. यातल्या बहुतेक तपासण्या आपल्याकडेही होतात. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. इथला रिपोर्ट व्हिसाला चालणार नाही हे खरे, पण आपण कुठे उभे आहोत ते एजंटच्या हातात पैसे ठेवण्याआधी कळते. आणि पैशाचे म्हणाल, तर सरकारने नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घ्यायची मुभा दिली आहे. दीड-दोन लाख मागणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आधी विचारा.

जुना व्रण असला म्हणजे सगळे जग बंद झाले असे नाही. नर्सिंग करून ब्रिटनला जाणाऱ्या मुलींनाही, सहा महिन्यांहून जास्त राहायचे असेल तर, क्षयाची तपासणी करावी लागते. पण तिथे डाग दिसल्यावर थुंकी तपासतात, तिचे कल्चर लावतात आणि जंतू नाहीत असे ठरले तर वाट मोकळी होते. कल्चरला आठ आठवडे लागू शकतात, तेवढे दिवस हाताशी ठेवावेत.

बी प्रकारच्या काविळीची लस आता बाळांना सरकारी दवाखान्यात मिळते, पण देशभर ती 2011 च्या सुमारास सुरू झाली. आज पंचविशीत असलेल्या खेड्यातल्या कित्येक मुलांनी ती घेतलेली नाही. ती जरूर घ्यावी, मात्र मेडिकलच्या तोंडावर नको. लस टोचल्यावर दोन-अडीच आठवड्यांपर्यंत रक्ताची तपासणी लसीमुळेच पॉझिटिव्ह दिसू शकते. मध्ये महिनाभराचे अंतर ठेवा.

आता प्रवास. गाडी लागते म्हणून आपल्याकडे ट्रॅव्हल्समध्ये चढण्याआधी ॲव्होमिनची गोळी घेतात. तिची गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळते. मुलगा समोरच्या साहेबापुढे जांभया देतो आणि घरचे म्हणतात, घाबरला असेल. शक्यतो रेल्वेने जा, आणि एक दिवस आधी पोचा. रात्रभर जागरण, वर चार कप चहा आणि छातीत धडधड, अशा अंगाने ब्लडप्रेशर मोजले तर ते वाढलेलेच निघणार.

आईवडिलांचे हाल वेगळेच. गोळ्यांची पिशवी सीटखालच्या मोठ्या बॅगेत तळाशी. पोराचे होईपर्यंत अन्नाला शिवायचे नाही म्हणून आई उपाशी, आणि साखरेची गोळी मात्र सकाळीच घेतलेली. साखर एकदम उतरते, घाम फुटतो, चक्कर येते आणि इंटरव्ह्यूला गेलेल्या मुलाला बाहेर बोलवावे लागते. बायका तर संडासची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि परतल्यावर लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. मला विचाराल तर सोबत एकच माणूस पुरे. बाकीच्यांना मुंबई दाखवायचीच असेल तर इंटरव्ह्यू उरकल्यावर बोलवा. आईला यायचेच असेल, तर पर्समध्ये गोळ्या, बिस्किटे आणि पाण्याची बाटली असू द्या.

निवड झाली की घरात डिंकाचे लाडू वळायला घेतात. त्यात आपण खसखस घालतो. आखाती देशांत खसखस अमली पदार्थांत धरतात, आणि त्यापायी विमानतळावरच पकडले जाण्याची वेळ येऊ शकते. कोडीनचे खोकल्याचे औषध आणि दुखण्यावरची ट्रॅमाडॉलची गोळी यांचेही तेच. लाडू द्या, पण खसखस न घालता.