मोबाईलचा दंड एकट्या चालकालाच का?

मागील महिन्यात आमच्या कार्यालयात वस्तीतला एक तरुण आला. बी.ए. झालेला, नोकरी नाही म्हणून मोटारसायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवतो. हातात ई-चलान. "जयभीम सर. दिवसाची कमाई गेली. पण फोन बघितला नसता तर ऑर्डर दुसऱ्याला गेली असती," तो म्हणाला.

आम्ही आधी त्यालाच रागावलो. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि अशा वेळी मरणारा दर वेळी चालवणाराच असतो असे नाही. रस्त्याच्या कडेने घरकाम उरकून परतणारी आपलीच एखादी माय असते. तेव्हा कायदा कडक असावा, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

कायदा कडक झालेलाही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मुळात मोबाईलचा उल्लेखच नव्हता. तेव्हा तो या देशात होता कोणाकडे? २०१९ च्या दुरुस्तीने हातात धरून वापरायचे संपर्कसाधन हे कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात, स्पष्टपणे घातले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय परवान्यावर गदा येते ती वेगळीच. २०२० च्या नियमाने फोन फक्त रस्ता पाहण्यापुरता, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा दिली. ऑर्डर स्वीकारणे त्यात बसत नाही. (कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर कलम २१०-ब प्रमाणे दुप्पट दंड आहे. वर्दीतल्या किती जणांना तो झाला, हे वाचकांनी आपल्या चौकात उभे राहून ठरवावे.)

पण खरी मेख कलम २०० मध्ये आहे. कलम १८४ मधील इतर धोकादायक कृत्ये तडजोड शुल्क भरून मिटत नाहीत. मोबाईलचे तेवढे मिटते. म्हणजे कैद पुस्तकात राहते आणि गाडीतला साहेब पैसे भरून पुढच्या सिग्नलला पुन्हा फोन कानाला लावतो. आमच्या पोराच्या घरी मात्र त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत.

आणि फोन वाजवला कोणी? त्याचा कोणी विचारच करीत नाही. याच कायद्यात कलम १८८ आहे. कलम १८४ च्या गुन्ह्याला जो चिथावणी देईल किंवा साहाय्य करील, त्यालाही तीच शिक्षा. गाडी रस्त्यावर आहे हे माहीत असताना "उचल, नाहीतर काम गेले" अशी व्यवस्था लावणारा मालक या कलमात का येऊ नये? हेतू सिद्ध करणे अवघड आहे, हे आम्ही वकील म्हणून जाणतो. पण कॉलची नोंद असते, ऑर्डरची वेळ सेकंदासह असते. पुरावा मागितलाच नाही तर मिळणार कसा?

१९४६ मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारे विधेयक मांडले, ते एकटा कामगार मालकाला 'नाही' म्हणू शकत नाही हे ओळखूनच. मोबाईलवर चालणाऱ्या या नव्या कारखान्याला भिंती नाहीत, इतकाच फरक.

मालकाकडे बोट दाखवताना आम्हाला स्वतःचीही लाज वाटते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या टेम्पोच्या चालकाला "कुठं पोचलात?" म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करणारे कार्यकर्ते कोण असतात? आम्हीच. मागे बायाबापड्या, लेकरे बसलेली असतात आणि चालक कार्यकर्त्यांना नाही कसे म्हणणार? आमच्या शाखेने आता ठरवले आहे: गाडी सुटण्यापूर्वी चालकाचा फोन शेजारी बसणाऱ्याकडे द्यायचा, आणि चौकशी त्यालाच करायची.

त्या तरुणाला आम्ही दंड भरायला लावला. चूक त्याची होतीच. त्यासोबत त्याच्या कंपनीला कलम १८८ चा उल्लेख करून नोटीस धाडली आहे आणि त्या दिवशीच्या ऑर्डरची नोंद मागितली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.