टाचांच्या भेगा, करंजेल आणि एक चट्टा



गळीत हंगाम सुरू झाला की आम्हा शेतकी विभागाच्या माणसांना लागणीच्या नोंदी आणि तोडणीच्या तारखा यांपलीकडे काही सुचत नाही. तरी गेल्या हंगामात एका फडावर दुपारी टेकलो असता एक गोष्ट डोळ्यांत भरली. तोडकरी मंडळी भाकरी खायला बसली होती. बायकांनी चपला बाजूला काढल्या आणि टाचा दिसल्या. रुपयाचे नाणे उभे राहील अशा भेगा, आत माती, कडेला साकळलेले रक्त. “काय लावता?” असे विचारले तर एक म्हातारी म्हणाली, “लावायला येळ कुणाला हाय, सायेब?” पाण्याची पाळी धरणाऱ्या आपल्या सभासदांच्या टाचाही फार निराळ्या नसतात. म्हणून या अंकात उसाऐवजी कातडीविषयी चार शब्द लिहीत आहोत.

तळपायाला घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, तेलाच्या मात्र मुळीच नाहीत. अंगाच्या बाकी कातडीला स्वतःचा तेलकटपणा असतो, तो टाचेला मिळत नाही. वर थंडीचा कोरडा वारा, अनवाणी चाल आणि अंगाचा व डोक्यावरच्या मोळीचा भार. मग जाड झालेली कातडी तडकते.

इथे आपले जुने उपाय खरोखर चांगले आहेत, फक्त लावायची रीत चुकते. तेल कातडीला ओल देत नाही, असलेली ओल धरून ठेवते. वाफसा असताना पाचटाचे आच्छादन केले तर रानाची ओल टिकते, पण कोरड्याठाक रानावर कितीही पाचट पसरा, ओल कुठून येणार? टाचेचेही तसेच. रात्री पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, मऊ झालेली कातडी वजरीने हलक्या हाताने घासावी, पाय टिपून घ्यावेत आणि दमट असतानाच तेल लावावे. वर जुना मोजा घातला म्हणजे अंथरूणही खराब होत नाही.

तेल कोणते? खोबरेल उत्तम. कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, त्याहून सोयीचे. ते थंडीत गोळ्यासारखे घट्ट राहते आणि भेगेत भरता येते. ते न मिळाल्यास पाच भाग खोबरेलात एक भाग मधमाशीचे मेण मंद आचेवर विरघळवून डबीत ओतावे, घरचे मलम तयार. यातले काहीच हाताशी नसेल तर साधे व्हॅसलीन लावले तरी चालते. त्यात झाडपाल्याचे काही नाही म्हणून नाक मुरडू नये. आणि पानाफुलांचे चित्र असलेली महागडी बाटली घेतलीच पाहिजे असेही नाही.

भेगेत बिब्बा घालण्याची चाल काही घरांत अजून आहे. ती सोडावी. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. काजूच्या टरफलाचा चीक लागल्यावर होते तसेच, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली. मधुमेह असलेल्यांनी तर (साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे नाव घ्यावे लागते!) पायावर कसलाही जहाल किंवा गरम उपाय करू नये. पायाची जाणीव कमी झालेली असली तर भाजलेले कळत नाही.

रात्रीचे दारे धरून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथे तेल नको. तिथे निचरा हवा. पाय धुऊन बेचके कोरडे करावे, तेवढ्याने न भागल्यास दवाखान्यातले मलम घ्यावे. पाल्याने अंग कापले असेल तर आधी साबणाने धुवावे, तेल मागाहून. फवारणीच्या दिवशी हाच क्रम कटाक्षाने पाळावा.

आता करंजेलाकडे येतो. करंजाच्या पेंडीतला कडू अंश युरियाचे नत्र लवकर वाया जाऊ देत नाही, हे आम्ही सभासदांना सांगत असतो. त्या झाडावर आमचा लोभ जुना. खाज-खरजेला करंजेल लावण्याची रीतही जुनी. त्या भरवशावर आमच्या हातून एक चूक झाली. ज्यांच्या बाबतीत झाली त्यांना विचारूनच ती इथे लिहितो आहोत.

आमच्या गटातले एक जुने सभासद, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. खोडव्याची पाहणी करत असताना त्यांनी बाही वर करून उजव्या कोपराजवळचा फिकट चट्टा दाखवला. “खाजत नाय, दुखत नाय. काय असंल?” आम्ही वरवर पाहिले आणि म्हणालो, “अण्णा, करंजेल लावत चला.” ते लावत राहिले. दोन हंगाम लावले. तिसऱ्या वर्षी पावती घेताना त्यांच्या हातातला कागद निसटला. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळले होते. आरोग्य केंद्रात नेले तेव्हा कळले, कुष्ठरोग.

“खाजत नाय, दुखत नाय” हीच तर खूण होती, आणि आम्ही ती ऐकून सोडून दिली. फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कळत नाही, घामही कमी येतो, असे असेल तर तेलाची बाटली उघडू नये, आरोग्य केंद्र गाठावे. हा रोग जंतूंचा आहे, पापाचा नव्हे. हॅन्सन यांनी ते जंतू १८७३ साली दाखवून दिले. एके काळी यावर तेलच दिले जाई. आपल्या सह्याद्रीत कडू कवठ वाढते, त्याच्या बियांचे चालमोगऱ्याच्या जातीचे तेल रोग्यांना टोचत असत. १९४० नंतरच्या दशकात डॅप्सोन आले आणि ते तेल मागे पडले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आज त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घ्याव्या लागतात, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. माणसाला घराबाहेर काढायचे कारण नाही.

अण्णांनी बारा महिने एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या. रोग गेला, दोन बोटे मात्र सरळ झाली नाहीत. खुरपे ते आता डाव्या हाताने धरतात. जाणीव गेलेल्या हाताला घाम येत नाही, कातडी कोरडी पडून चिरते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज हात पाण्यात भिजवून वर तेल लावायला सांगितले आहे. परवा गेलो तेव्हा ओट्यावर पाण्याची घंगाळी आणि शेजारी खोबरेलाची वाटी होती. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाले, “सायेब, ह्ये तेल डाक्टरला इचारून लावतोय.”