वळिवड्याच्या बराकी आणि ज्यू मुलांची वाट

वळिवडे हे कोल्हापूरजवळचे, मिरज मार्गावरचे लहानसे स्टेशन. निपाणी-कागलकडचा माणूस बाजारहाटाला कोल्हापूर गाठतो, तिथून हाकेच्या अंतरावर. १९४३ ते १९४८ या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. दुसऱ्या महायुद्धातल्या आसऱ्याची गोष्ट मराठीत सांगायची तर नजर पहिल्यांदा इथेच वळते, आणि पहिली चूकही इथेच होते. पोलंड, महायुद्ध, निर्वासित मुले हे शब्द एकत्र आले की मुले ज्यू होती आणि हिटलरच्या तावडीतून सुटून आली, असे धरूनच चालले जाते.

वळिवड्याची मुले मुख्यतः कॅथलिक होती आणि त्यांना घराबाहेर काढले ते स्टालिनच्या राजवटीने. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलंडची फाळणी झाली. १० फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडली जाऊ लागली. जून १९४० च्या खेपेत मात्र मोठा भरणा ज्यूंचा होता. जर्मनांच्या भीतीने ते पश्चिमेकडून सोव्हिएत हद्दीत आले होते. जुलै १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर या साऱ्यांची सुटका झाली, जनरल अँडर्स यांचे पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये सैनिकांच्या मागोमाग मुलेबाळे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली.

तेहरानमध्ये वाटा फुटल्या. पोलिश कुटुंबे आफ्रिकेकडे आणि हिंदुस्थानकडे निघाली. ज्यू मुलांसाठी ज्यू एजन्सीने वेगळी छावणी उघडली. त्यांना पॅलेस्टाइनला न्यायचे होते, पण इराकने आपल्या भूमीवरून जाऊ दिले नाही. म्हणून जानेवारी १९४३ मध्ये सातशेहून अधिक मुले इराणच्या आखातातून बोटीने कराचीला आली, काही दिवस थांबली आणि पुन्हा बोटीने सुवेझकडे गेली. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी ती पॅलेस्टाइनमधल्या अटलीटला पोहोचली. इतिहासात ती ‘तेहरानची मुले’ म्हणून ओळखली जातात.

त्या वेळी कराचीत मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यूंची वस्ती होती, त्यांचे सिनेगॉगही होते. ज्यू मुलांवर मराठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल तर तिची खरी जागा कराचीचा हा मुक्काम आहे. पोलंडहून सैबेरिया आणि इराण पालथे घालून आलेले पोर आणि शनिवारी शब्बाथ पाळून घरात मराठी बोलणारी बाई समोरासमोर आली असती तर काय घडले असते, हे कल्पनेने रंगवता येते. मात्र ती कल्पना आहे हे वाचकाला कळले पाहिजे. वळिवड्याच्या बराकीत ज्यू अनाथालय उभे केले तर दोन्हीकडच्या मुलांवर अन्याय होतो.

वळिवड्याची छावणी म्हणजे एक छोटे गावच होते. कौलारू छपरांच्या लांबलचक बराकी, चटईच्या भिंती, आणि त्यांत शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, स्काउटची पथके. चटई आवाज अडवत नाही. शेजारच्या बिऱ्हाडातला खोकला, रडणे, प्रार्थना, सगळे ऐकू येणार. पन्हाळ्याच्या सहली होत. ‘महाराजांनी आसरा दिला’ असे कौतुकाने म्हटले जाते. पण कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते, गादीवर दत्तक घेतलेले बाल शिवाजी महाराज होते आणि कारभार रीजन्सीचा होता. हे छत्रपती पाच वर्षांचे होण्याआधीच, १९४६ मध्ये वारले. जागा कोल्हापूर संस्थानातली, तर खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारकडे. जामनगरजवळच्या बालाचडीच्या पोलिश छावणीची व्यवस्था वेगळी होती. तिथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी स्वतः पुढाकार घेतला होता. या दोन छावण्यांची सरमिसळ करू नये.

या साऱ्या कथेत मराठी लेखकाने पकडायला हवा असा माणूस म्हणजे मॉरिस फ्रीडमन. वॉर्सातला ज्यू, पेशाने इंजिनिअर. म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यासाठी तो बंगळूरला आला, भगवी वस्त्रे ल्याला आणि भारतानंद झाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता देणारी घटना अमलात आणली, तिच्या घडणीत पंतप्रतिनिधींचे पुत्र आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर फ्रीडमनचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाशीही तो जोडलेला होता. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. वांडा डायनोव्स्का, म्हणजे उमादेवी, हिच्यासह त्याने पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि सैबेरियातून सुटलेल्या पोलिश अनाथांना भारतात आणण्याच्या कामाला हातभार लावला. ज्यू म्हणून जन्मलेला माणूस कॅथलिक मुलांसाठी धडपडतो, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे दृश्य आहे.

म्हातारपणी हाच फ्रीडमन मुंबईच्या खेतवाडीत, बिडीचे दुकान चालवणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या माडीवर बसे. महाराज मराठीत बोलत आणि तो ते इंग्रजीत उतरवी. त्या संवादांचा ग्रंथ १९७३ मध्ये निघाला, पुढे काही वर्षांतच फ्रीडमन गेला.

ज्यू निर्वासितांची आणखी एक बाजू महाराष्ट्रातच आहे आणि ती कडू आहे. हिटलरपासून पळून आलेल्या, पण जर्मन कागदपत्रे असलेल्या अनेक ज्यूंना इंग्रजांनी १९३९ मध्ये शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून पकडले. शत्रुराष्ट्राच्या नागरिकांसाठीची अशी एक छावणी अहमदनगरला होती. अशा माणसाची कादंबरी अनिता देसाई यांनी १९८८ मध्ये ‘बॉमगार्टनर्स बॉम्बे’ या नावाने इंग्रजीत लिहिली.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्याच्या लोकांना मागे जायला देश उरला नाही, कारण त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. हळूहळू ते इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे पांगले. कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आहे, महावीर उद्यानात स्मारक आहे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पांजली वाहिली.

बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. ज्या सिंधच्या बंदरातून तेहरानची मुले पुढे गेली, त्याच सिंधमधून फाळणीनंतर बेघर झालेली कुटुंबे १९४८ च्या सुमारास वळिवड्यात येऊन राहिली. त्या वस्तीचे नाव गांधीनगर. आता तिथे कापडाची ठोक बाजारपेठ आहे आणि सीमाभागातले दुकानदार माल भरायला तिकडेच जातात.