‘पक्की जागा’ किती पक्की? अमेरिकेतील बीएस-एमडीविषयीचे गैरसमज

अमेरिकेत डॉक्टर होण्याचा रूढ मार्ग दोन पदव्यांचा आहे. बारावीनंतर चार वर्षांची कोणत्याही विषयातील पदवी, त्यानंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल आणि शेवटी एमडी. पुढे शाखेनुसार तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण. ही एमडी म्हणजे भारतातील पदव्युत्तर एमडी नव्हे. वैद्यकीची ती पहिलीच पदवी असल्याने तिचे स्थान आपल्याकडच्या एमबीबीएसचे आहे. आधी पदवी, मग वैद्यक हा क्रम तिथे मुळापासून नव्हता. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ मध्ये मेडिकल स्कूल उघडताना प्रवेशासाठी पदवीची अट घातली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने बाकीच्या कॉलेजांच्या ढिलाईवर कोरडे ओढले, आणि पुढच्या काही दशकांत पदवी हीच रीत झाली. पदवीच्या काळात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र असे ठरावीक विषय पुरे करून मेडिकलची तयारी करणे म्हणजे ‘प्री-मेड’.

या लांब वाटेला १९६०च्या दशकात फाटा फुटला. बोस्टन आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांनी १९६१ मध्ये शाळेतून थेट दोन्ही पदव्यांसाठी एकत्र प्रवेश देणारे कार्यक्रम काढले. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेने १९७१ मध्ये सहा वर्षांत दोन्ही पदव्या देण्याची योजना आणली. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा पीएलएमई हा कार्यक्रम १९८०च्या दशकातला. अशा जोडपदवीला सरसकट ‘बीएस-एमडी’ म्हणतात, पहिली पदवी बीए असली तरी.

या जोडपदवीभोवती जमलेल्या समजुतींत सर्वांत चिवट समजूत एक आहे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी मंडळांत, गणेशोत्सवाच्या पंगतीतही ती ऐकू येते: बीएस-एमडी मिळाले की मूल डॉक्टर झालेच; नाही मिळाले, तर प्री-मेडच्या वाटेने शंभरातले तीनच पार पडतात. या वाक्याचे दोन्ही अर्धे चुकीचे आहेत. पहिल्याला बळ दुसऱ्यातल्या भीतीमुळे मिळते, म्हणून आधी दुसरा तपासणे सोयीचे.

‘शंभरात तीन’ हा आकडा हवेतला नाही, पण तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे. एकेका मेडिकल स्कूलकडे दहा-दहा हजार अर्ज येतात आणि वर्गात जागा असतात दीडशेच्या आसपास. त्यामुळे त्या एका कॉलेजाच्या प्रवेशाचे प्रमाण दोन ते पाच टक्के दिसते. पण हे दहा हजार लोक वेगवेगळ्या कॉलेजांत पुन्हा पुन्हा मोजले जातात. अमेरिकेतील मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, दरवर्षी ही आकडेवारी प्रसिद्ध करते. तिच्यानुसार एक उमेदवार सरासरी अठराच्या आसपास ठिकाणी अर्ज करतो. अठरा स्थळे पाहून एकाशी लग्न करणाऱ्याचे ‘यश’ दर स्थळामागे साडेपाच टक्के भरते, म्हणून शंभरातली पंचाण्णव माणसे अविवाहित राहतात असे कोणी म्हणत नाही. मेडिकलच्या प्रवेशाबाबत मात्र शिकलेसवरलेले पालक बिनदिक्कत हेच म्हणतात.

विचारायचा प्रश्न असा: त्या वर्षी अर्ज केलेल्यांपैकी किती जणांना कुठे ना कुठे एमडीला प्रवेश मिळाला? एएएमसीच्या २०२३-२४च्या आकड्यांनुसार अर्जदार होते ५२,५७७ आणि पहिल्या वर्षात दाखल झाले २२,९८१. म्हणजे शंभरात जवळजवळ चव्वेचाळीस. दाखल झालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे पदवीतील श्रेणींची सरासरी, चारपैकी ३.७७ होता आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे गुण ५२८ पैकी ५११ ते ५१२. एएएमसी याच आकड्यांचा गुणांनुसार तक्ताही देते. त्यात ३.८च्या आसपास किंवा वरचा जीपीए आणि ५१७च्या वरचा एमकॅट असलेल्यांचे यश ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते. बीएस-एमडीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचणारी शाळकरी मुले पुढे बहुधा याच गटात जाण्याच्या कुवतीची असतात. ज्या मुलांना सर्वांत कमी घाबरायला हवे, त्यांच्याच घरी भीती सर्वांत जास्त विकली जाते.

चव्वेचाळीस टक्के या आकड्यालाही खोट आहे, आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. अर्ज करण्यापर्यंत जे टिकले, त्यांचाच हा हिशेब आहे. पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचे म्हणून कॉलेजात आलेली कितीतरी मुले सेंद्रिय रसायनाच्या पहिल्या परीक्षेनंतर वाट बदलतात. काहींना दुसरेच काही आवडू लागते. ती या मोजणीत येतच नाहीत. तेव्हा प्री-मेड सोपे आहे असा याचा अर्थ नाही. ते लॉटरी नाही, इतकेच.

आता ‘पक्की जागा’. बीएस-एमडीच्या प्रवेशपत्रात जे वचन असते ते सशर्त असते. ठरावीक जीपीए टिकवायचा, बहुधा ३.५ किंवा त्याहून वरचा. विज्ञानाचे अमुक विषय अमुक श्रेणीच्या खाली न जाता पुरे करायचे. अनेक ठिकाणी एमकॅट देऊन किमान गुणही मिळवायचे. रुग्णालयातील अनुभवाचे तास, वर्तणूक, अधूनमधून होणारे मूल्यमापन हे आणखी वेगळे. यातली एक अट मोडली, तर राखीव जागा जाते आणि विद्यार्थी प्री-मेडच्या रांगेत येतो. तोही अशा जीपीएसह, जो मुळातच खाली आलेला आहे. म्हणजे सुरक्षा-जाळ्याची गरज ज्याला सर्वांत जास्त लागते, नेमके त्याच्याच खालून ते काढून घेतले जाते.

मेडिकल स्कूलमध्ये एकदा पाऊल पडले की मात्र चित्र बदलते. अमेरिकेत एमडीला दाखल झालेले बहुतेक सगळे, शंभरातले पंचाण्णवच्या वर, उशिरा का होईना, पदवी घेऊन बाहेर पडतात. खरी चाळणी दारातच असते. बीएस-एमडीने ते दार नाहीसे होत नाही, पदवीच्या वर्षांत पसरते. म्हणून कार्यक्रमाच्या माहितीपत्रकातला प्रवेशाचा आकडा कमी महत्त्वाचा. सतराव्या-अठराव्या वर्षी घेतलेल्यांपैकी त्याच मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष किती जण बसले, हा प्रश्न विचारावा. ज्या संस्थेचे उत्तर चांगले असते, ती ते आनंदाने देते.

वचनाची दुसरी बाजू बंधनाची. काही कार्यक्रमांत दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज करताच राखीव जागेवरचा हक्क संपतो. इथे पैशाचा हिशेब शिरतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांची शिक्षण-फी माफ केली. अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनने २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीतून तेच केले. जॉन्स हॉपकिन्सने त्याच वर्षी, तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी. एमडी होणाऱ्या कर्जदार विद्यार्थ्याचे कर्ज साधारण दोन लाख डॉलर असते, हे ध्यानात घेतले तर सतराव्या वर्षी ही दारे बंद करण्याची किंमत कळते. अर्थात उलटही घडते. जोडपदवीतली अनेक कॉलेजे पदवीच्या वर्षांसाठी चांगली शिष्यवृत्ती देऊन हुशार मुले खेचतात, आणि मग तोच सौदा स्वस्त पडतो. सरसकट उत्तर नाही. दोन्ही बाजूंच्या आठ वर्षांची बेरीज कागदावर मांडावी लागते.

वर्षे वाचतात, हा पुढचा गैरसमज. काही ठिकाणी वाचतात. कॅन्सस सिटीत सहा वर्षे, इतर काही ठिकाणी सात. पण ब्राउनसारखे अनेक कार्यक्रम पूर्ण आठ वर्षांचे आहेत, म्हणजे रूढ मार्गाइतकेच. दोन वर्षे वाचवण्यासाठी सुट्ट्या, परदेशातील एखादे सत्र आणि विषय बदलण्याची मुभा द्यावी लागते, हे माहितीपत्रकाच्या रंगीत पानावर नसते. शिवाय वर्षे दुसऱ्या टोकालाही वाचवता येतात: न्यूयॉर्क विद्यापीठाने तीन वर्षांच्या एमडीची सोय २०१३ पासून ठेवली आहे.

‘एमकॅट टळते’ हे निम्मे खरे. ब्राउनच्या पीएलएमईमध्ये आणि कॅन्सस सिटीच्या कार्यक्रमात ती लागत नाही. इतर कित्येक ठिकाणी लागते.

हे कार्यक्रम केवळ अतिहुशारांसाठी निघाले, ही समजूत इतिहासाशी जुळत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७३ मध्ये सुरू झालेला सोफी डेव्हिस कार्यक्रम गरीब वस्त्यांना प्राथमिक आरोग्यसेवा देणारे डॉक्टर घडवण्यासाठी होता, आणि त्याचा वारसा चालवणारे मेडिकल स्कूल आजही तोच उद्देश सांगते. अशा ठिकाणी मुलाखतीत ‘मला न्यूरोसर्जन व्हायचे आहे’ असे ठासून सांगणारा विद्यार्थी कितीही गुणवान असला तरी चुकीच्या दारात उभा असतो.

रेसिडेन्सीत बीएस-एमडीवाल्यांना झुकते माप मिळते, असेही सांगितले जाते. मिळत नाही. तिथे मेडिकल स्कूल, तिथली कामगिरी, शिफारसपत्रे आणि परवाना-परीक्षेचे गुण पाहिले जातात. त्या परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाल्याने दुसऱ्या पायरीचे वजन वाढले आहे.

प्री-मेड म्हणजे जीवशास्त्रातच पदवी हवी, हा समज भारतीय घरांत विशेष. आवश्यक विषय पुरे केले की इतिहास, संगीत, अर्थशास्त्र काहीही चालते, आणि एएएमसीच्या तक्त्यांत मानव्यविद्यांच्या अर्जदारांचे यश जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी दिसत नाही. शंका असेल त्यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईचा अनुभव पाहावा. तिथे १९८७ पासून मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांना एमकॅटशिवाय आणि सेंद्रिय रसायनासारखे नेहमीचे काही विषय पूर्ण न करता घेतले जात होते. डेव्हिड म्युलर आणि नेथन केस यांनी २०१० मध्ये ‘अॅकॅडेमिक मेडिसिन’ या नियतकालिकात त्यांची इतरांशी तुलना प्रसिद्ध केली. परवाना-परीक्षेच्या पहिल्या पायरीत ही मुले थोडी मागे होती, रुग्णालयातील कामात इतरांच्या बरोबरीची. या प्रयोगातून पुढे आलेला ‘फ्लेक्समेड’ हा मार्ग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज घेतो. जोडपदवी आणि रूढ प्री-मेड यांच्या मधला हा तिसरा पर्याय पालकांच्या चर्चेत फारसा येत नाही. सतराव्या वर्षी निर्णय नको आणि बाविसाव्यापर्यंतची टांगती तलवारही नको, अशांसाठी तो पाहण्यासारखा आहे.

पदवी आणि मेडिकल स्कूल यांत वर्ष गेले म्हणजे मूल मागे पडले, हे तर साफ खोटे. मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याचे सरासरी वय चोवीसच्या आसपास असते. मध्ये वर्ष-दोन वर्षे संशोधन किंवा काम करून आलेले विद्यार्थी आज बहुसंख्य आहेत.

डीओ ही ऑस्टिओपॅथिक वैद्यकीची पदवी एमडीपेक्षा दुय्यम, हाही असाच एक समज. डीओ आणि एमडी दोघांनाही वैद्यकीचा पूर्ण परवाना मिळतो, आणि २०२० पासून दोघांसाठी रेसिडेन्सीची मान्यतापद्धतीही एकच आहे.

मग बीएस-एमडी कोणी घ्यावे? वैद्यकीविषयी ज्याची खात्री आई-वडिलांची नसून स्वतःची आहे, ज्याला ते विशिष्ट मेडिकल स्कूल जोडपदवी नसती तरीही आवडले असते, आणि ज्याच्या कुटुंबाच्या हिशेबात ते बसते, त्याने जरूर घ्यावे. अर्जांची, आणि काही ठिकाणी एमकॅटचीही, धाकधूक नसल्याने अशा मुलांना पदवीची वर्षे मनासारखी वाचायला, प्रयोगशाळेत रमायला मिळतात, आणि हा फायदा छोटा नाही. ‘मिळतेय तर सोडू कशाला’ हे कारण मात्र पुरेसे नाही.

एक बाब समजुतीपेक्षा माहितीच्या अभावाची आहे, आणि तिची झळ थेट मराठी कुटुंबांना बसते. बहुतेक बीएस-एमडी कार्यक्रम फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी खुले असतात. पुण्या-मुंबईतून थेट अर्ज करणाऱ्या मुलांना ही वाट जवळजवळ बंद आहे. आई किंवा वडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे स्वतः एच-४ व्हिसावर अमेरिकेत वाढलेल्या मुलांनाही ती बहुधा मिळत नाही, मग त्यांची सगळी शाळा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये झालेली असो. रूढ मार्गाने गेले तरी परदेशी नागरिकांना घेणारी मेडिकल स्कूल मोजकीच, आणि एकविसाव्या वर्षी एच-४चे संरक्षण संपते ते नेमके पदवी चालू असताना. त्यामुळे अशा घरांत जोडपदवी की प्री-मेड हा प्रश्न दुसरा. नववी-दहावीतच ग्रीन कार्डाच्या रांगेची स्थिती तपासावी, एखाद्या इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या कौन्सेलरला पैसे देण्यापूर्वी प्रत्येक कार्यक्रमाची नागरिकत्वाची अट स्वतः वाचावी.