स्नानाचें पाणी : घरांतला बंब कीं परसांतलें चुलाण?

मार्गशीर्ष लागला, कीं सातारा-सांगलीकडे पहांटेच्या गारठ्यांत घरोघर एक प्रश्न उभा राहतो : स्नानाचें पाणी कोठें तापवावयाचें? महाबळेश्वर-पांचगणीच्या जुन्या बंगल्यांतून खोली उबविण्यासाठीं भिंतींत आगट्या व वर धुराडीं बांधलेलीं आढळतात. पण खालीं कृष्णाकांठीं विस्तव लागतो तो बहुधा पाण्यापुरताच. आतां गॅस, वीज व छपरावरचीं सौर यंत्रें आलीं आहेत. तरी पुष्कळ घरांतून बंब आणि चुलाण अद्याप पेटतात. त्या दोहोंत निवड कशी करावी, तें पाहूं.

बंबाची रचना मोठी चतुर आहे. तांब्याच्या टाकीच्या मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशीं जाळी, आणि भोंवतीं पाणी. विस्तव पाण्याच्या पोटांतच असल्यामुळें त्याची बरीच उष्णता पाण्यास मिळते. चुलाणावरच्या हंड्याचें तसें नाहीं. जाळ तळाला चाटून वाऱ्यावर निघून जातो. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 500 किलोकॅलरी उष्णता पुरते. काहींही वायां न गेल्यास दीडशें ग्रॅम वाळलेलें लांकूड तेवढी देईल. उघड्या चुलाणास मात्र त्याच्या कित्येक पट लागतें. काटकसरीचा विचार केला, तर बंबच सरस ठरतो.

परंतु चुलाणाचेहि गुण आहेत. बंबास ढलप्या, करवंट्या किंवा कोळसा लागतो. चुलाणांत तुरकाठ्या, उंसाचें पाचट, जें हातीं येईल तें चालतें. शिवाय राख, ठिणगी व धूर घराबाहेर राहतात. सरपण कोठेंहि जाळा, तें पावसाळ्यापूर्वीं आडोशाला रचून वाळवावें. ओल्या लांकडाची शक्ति त्यांतलेंच पाणी आटविण्यांत खर्ची पडते, आणि धूर दुप्पट होतो.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळ घरीं बंब अंगणांत पेटवितात, आणि धूर थांबला, निखारा फुलला, कीं उचलून न्हाणीघरांत आणतात. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा समज त्यामागें असतो. वस्तुतः धूर हा डोळ्यांत पाणी आणून आपल्याला बाहेर तरी घालवितो. फुललेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंगहि नाहीं आणि वासहि नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. न्हाणीघर लहान, थंडीमुळें दार-झरोका बंद, अशा ठिकाणीं स्नान करणाऱ्यास डोकें दुखणें, मळमळ, भोंवळ हीं लक्षणें कळेपर्यंत उठून कडी काढण्याचें त्राणहि उरत नाहीं. असें कोणास झाल्यास प्रथम त्याला मोकळ्या हवेंत आणावें, आणि तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. न्हाणीघरांत बसविलेल्या गॅसच्या गीझरलाहि हाच नियम लागू आहे.

मग काय करावें? गुऱ्हाळाकडे पाहावें. तेथें चुलवणाचें तोंड एका अंगाला असतें, जाळ घालणारा तेथें बसतो, आणि काहिलीपाशीं रस ढवळणारे दुसऱ्या अंगाला राहतात. जाळाची जागा व कामाची जागा अशी निराळी ठेवण्याची युक्ति घरींहि साधते. बंब मागल्या पडवींत, पावसापासून आडोसा पण दोन बाजू मोकळ्या, असा कायमचा ठेवावा. त्याच्या तोटीचें पाणी बादलीनें अगर भिंतींतून काढलेल्या नळानें आंत घ्यावें. यानें सरपणाची बचत बंबाची मिळते, आणि निर्धास्तपणा चुलाणाचा. जागेअभावीं बंब आंतच ठेवणें भाग असेल, तर छपराबाहेर जाणारें धुराडें व कधींहि न बुजविलेला झरोका हवाच. नुसती अर्धवट उघडी खिडकी पुरेशी मानूं नये.

बंब कीं चुलाण, हा प्रश्न सोयीचा व सरपणाचा आहे. तो ज्यानें त्यानें आपल्या जागेप्रमाणें सोडवावा. पाणी घरांत यावें, निखारा येऊं नये, एवढी गोष्ट मात्र प्रत्येक घरानें सांभाळावी.