गाडीचा पिवळा दिवा आणि स्वस्तातला स्कॅनर

सुरतेहून माल भरून परत येताना नवापूर मागे पडले आणि कोंडाईबारीचा घाट लागला की आमचे कान आपोआप गाडीच्या आवाजाकडे लागतात. मागे साड्यांचे गठ्ठे, तोंडावर रमजान ईदचा सीझन, आणि नेमका तिथेच आमच्या व्हॅनच्या काट्यांमध्ये इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, फक्त ओढ थोडी कमी वाटत होती. साक्री, धुळे करत पारोळ्याला पोहोचेपर्यंत खर्चाचा हिशेब आम्ही मनात दहा वेळा मांडला आणि दहा वेळा मोडला.

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांकडे आज व्हॅन, छोटा टेंपो किंवा कार आहे. हा दिवा लागला की बहुतेकजण दोनच गोष्टी करतात. एक तर दिव्याकडे डोळेझाक करून गाडी तशीच दामटतात, नाही तर पहिल्या गॅरेजवाल्याने जो पार्ट सांगितला तो मुकाट्याने बदलून घेतात. तिसरा मार्ग आहे तो स्कॅनरचा. तो हल्ली कापडाच्या एका बऱ्या जोडीच्या किमतीत मिळतो. मात्र कोणता घ्यावा आणि घेतल्यावर त्याचे किती ऐकावे, हे समजून घेतले पाहिजे. आम्ही ते पैसे घालवून समजून घेतले, म्हणून हा लेख.

आधी दिव्याविषयी. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी आणता येते. तो लुकलुकत असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि जळतो, आणि तो भाग फार महाग असतो. तेव्हा वेग कमी करून लवकरात लवकर थांबावे. ऑइलचा किंवा गरमपणाचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसू नये, इंजिन तिथेच बंद करावे.

इंजिनाचा कॉम्प्युटर ज्या तक्रारी नोंदवून ठेवतो, त्या वाचण्याचे यंत्र म्हणजे स्कॅनर. ही सोय मुळात मिस्त्रीसाठी नव्हे, धुरासाठी झाली. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या कारला अशी नोंद आणि सोळा खुंट्यांचे एकसारखे सॉकेट सक्तीचे झाले, ते प्रदूषण रोखण्यासाठी. म्हणूनच स्वस्त यंत्र इंजिनापुरते बोलते. ब्रेकचे एबीएस, एअरबॅग यांच्या तक्रारी त्याला बहुधा वाचता येत नाहीत. विक्रेता 'सब कुछ दिखाता है' म्हणाला तर त्याला हे दोन दाखवायला सांगावे.

आपल्या देशात भारत स्टेज चारच्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून या नोंदीचा पहिला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. पण स्टेज चार तेव्हा ठराविक शहरांपुरताच होता. तो साऱ्या देशात आला १ एप्रिल २०१७ रोजी. याचा अर्थ आपल्या खान्देशातल्या माणसाने असा घ्यावा: गाडी २०१७ च्या एप्रिलनंतर बनलेली असेल तर साधा स्कॅनर चालायला हरकत नाही. त्याआधीची असेल तर सॉकेट दिसले म्हणून भुलू नका. सॉकेट असते, पण आतली बोली कंपनीची स्वतःची असू शकते. स्टिअरिंगखाली हात घालून सॉकेट शोधा, स्कॅनर लावून पाहा, तो बोलला तरच पैसे द्या.

यंत्रे ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, सॉकेटमध्ये बसणारी आगपेटीएवढी डबी, जी ब्लूटूथने मोबाईलशी जोडली जाते. ही चारशे-पाचशे रुपयांपासून मिळते. दुसरे, वायर आणि स्वतःचा पडदा असलेले हातात धरायचे यंत्र. ते दीड-दोन हजारांपासून. याच्या वरची गॅरेजवाल्यांची मोठी यंत्रे आपल्या कामाची नाहीत.

डबी घेणार असाल तर तुमचा फोन कोणता ते आधी पाहा. साधी ब्लूटूथ डबी अँड्रॉइड फोनवर चालते, आयफोनवर चालत नाही. त्याला वायफायची किंवा नव्या धर्तीच्या ब्लूटूथची डबी लागते. बहुतेक डब्यांवर 'ईएलएम ३२७' असे छापलेले असते. हे कॅनडातील एलेम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या चिपचे नाव. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि पाचशे रुपयांत मिळते ती बहुधा नक्कलच असते. नक्कल म्हणजे निकामी असे नाही, पण काही नकला जुन्या पद्धतीच्या गाड्यांशी बोलतच नाहीत. म्हणून परत घेण्याची अट पक्की करूनच घ्या. घरात फोन एकच असेल, किंवा गाडी ड्रायव्हरच्या हाती असेल, तर पडद्याचे यंत्र बरे. दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक घेतले तरी पुरते.

कोणतेही घ्या, ते निव्वळ कोड दाखवून थांबणारे नसावे. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, भार काय होता ते दाखवणारे हवे, आणि चालू इंजिनाचे आकडे दाखवणारे हवे. या दोन गोष्टींशिवाय कोड म्हणजे पत्त्याविना चिठ्ठी.

कोड वाचायला इंग्रजी यावे लागत नाही. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे ही धास्ती आम्हालाही होती. एक अक्षर आणि पुढे चार खुणा, एवढाच तो असतो. इंजिनाचा कोड 'पी'ने सुरू होतो. त्यानंतर शून्य असेल तर अर्थ सर्व कंपन्यांत एकच, एक असेल तर त्या कंपनीपुरता. ते शून्य आहे, 'ओ' नव्हे. आमच्या पोराने फोनवर 'ओ' घालून शोधले आणि भलतेच काही निघाले.

आमच्या व्हॅनने दाखवला पी ०१७१. अर्थ, इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. फोनवर शोधले तर सगळीकडे ऑक्सिजन सेन्सरचे नाव. आम्ही धुळ्याहून अडीच हजारांचा सेन्सर आणला आणि पारोळ्यातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीसमोर ठेवून म्हणालो, बसवा. त्यांनी कोड पाहिला, सेन्सर पाहिला आणि म्हणाले, "सेठ, गाडी रातभर इधर छोड दो. सुबह ठंडी चालू करके देखता हूँ. देखने का तीन सौ लगेगा." आम्हाला राग आला. कोड आमच्या हातात, पार्ट आमचा, मग बघण्याचे तीनशे कसले? रागाच्या भरात आम्ही हेही बोललो की हल्ली सगळे मिस्त्री असेच करतात. ते काही बोलले नाहीत.

सकाळी आम्हाला शेजारी उभे करून त्यांनी थंड गाडी चालू केली. इंजिनाजवळ बारीक टिकटिक ऐकू आली आणि चार-पाच मिनिटांत विरली. एक्झॉस्टच्या जोडावरची गॅस्केट जळाली होती. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, आणि पुढे बसलेला सेन्सर, जो पूर्ण चांगला होता, ती हवा पाहून 'पेट्रोल कमी आहे' असे खरेच सांगत होता. धातू तापून फुगला की फट मिटायची, म्हणून गरम गाडीत आवाज येत नव्हता. गॅस्केट, मजुरी आणि ते तीनशे मिळून नऊशे रुपयांत काम झाले. विजेचा पार्ट धुळ्याचा दुकानदार परत घेईना. सेन्सर अजून आमच्या गल्ल्याच्या खणात आहे.

आम्ही मिस्त्रींची माफी मागितली. पण खरी चूक आम्ही व्यापारी लोक रोज करतो ती हीच. पार्टचे पैसे देताना हात आखडत नाही, कारण वस्तू दिसते. निदानाचे देताना आखडतो. मग गॅरेजवालाही निदान फुकट करतो आणि ते पैसे नको असलेल्या पार्टमधून काढतो. मीटरपट्टी लावून कापड मोजता येते, पोत पट्टीला कळत नाही. त्यासाठी बोटेच लागतात, आणि ती बोटे कमवायला वर्षे जातात, हे आम्हाला दुसऱ्या कोणी सांगायला हवे होते का? मिस्त्री बांधवांनीही बघण्याची मजुरी आधी उघड सांगावी आणि काय सापडले ते गिऱ्हाइकाला दाखवावे. म्हणजे वाद होत नाहीत.

स्कॅनरवर कोड पुसण्याचे बटण असते. त्याला घाईने हात लावू नये. कोडबरोबर त्या क्षणाचे आकडेही पुसले जातात आणि मिस्त्रीच्या हाती काहीच उरत नाही. आधी कोड कागदावर लिहा किंवा फोटो काढा. जुनी गाडी विकत घेताना हेच बटण तुमच्यावर उलटते: विकणारा सकाळी कोड पुसतो, दिवा विझतो, तुम्ही सौदा करता. यावर उपाय स्कॅनरमध्येच आहे. कोड पुसले की कॉम्प्युटरने स्वतःच्या केलेल्या तपासण्याही 'अपूर्ण' दिसू लागतात आणि गाडी बरीच चालवल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. पडद्यावर बहुतेक तपासण्या अपूर्ण दिसल्या तर बॅटरी नुकतीच काढली होती का ते विचारा. दोन-चार दिवस गाडी चालवून पुन्हा तपासू द्या म्हणावे. विकणारा राजी नसेल तर बयाणा देऊ नये.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत हवा-इंधनाचे कोड किटच्या बिघडलेल्या सेटिंगमुळेही येतात. तिथे आधी किटवाल्याकडे जावे. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, कारचा स्कॅनर त्याला लावू नये. आणि डबी काम झाल्यावर काढून ठेवावी. सॉकेटला चावी बंद असतानाही बॅटरीची वीज मिळते, आणि गाडी आठवडाभर उभी राहिली तर ढकलस्टार्टची पाळी येते.