भूमिकाखेळातील सूत्रधार

भूमिकाखेळ म्हणजेच ‘रोल-प्लेइंग गेम’ हा टेबलाभोवती बसून मुख्यतः संभाषणातून खेळला जातो. प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या कृती सांगतो. सूत्रधार प्रसंग वर्णितो, उर्वरित पात्रे वठवितो व कृतींचा परिणाम नियम, फासे आणि स्वतःची विवेकबुद्धी यांच्या आधारे ठरवितो. तयारी एकाची व निवड इतरांची, अशी ही विभागणी असल्याने कथानकावर सत्ता कोणाची, हा वाद या खेळाच्या जन्मापासून चालत आला आहे.

सूत्रधाराचे मूळ युद्धखेळातील पंचात आहे. प्रशियन अधिकारी राइसव्हिट्स याच्या १८२४ च्या खेळात असा पंच होता. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनीॲपोलिस–सेंट पॉल परिसरात डेव्हिड वेस्ली याने ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाभोवतीचा नेपोलियनकालीन युद्धखेळ योजिला आणि सेनापतींखेरीज नगराध्यक्ष, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिकाही वाटून दिल्या. खेळाडू परस्पर मसलती करू लागले, दोघांत द्वंद्वयुद्ध जुंपले आणि योजलेली लढाई बाजूसच राहिली. वेस्लीच्या मते प्रयोग फसला होता. खेळाडूंनी मात्र तसाच खेळ पुन्हा मागितला. या खेळांत भाग घेणारा डेव्ह आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आरंभी सूत्रधाराची तयारी म्हणजे मुख्यतः भुयारांचे नकाशे. कोणत्या दारातून जावे, हे खेळाडूंवर असे. याउलट १९८४ पासून निघालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसमालिकेत कथानक कादंबरीप्रमाणे आखलेले होते. महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, म्हणजे ते पुढे परतू शकेल, अशी सूचनाही तीत होती. अशा आखीवपणास खेळाडू ‘रेलरोडिंग’, म्हणजे रुळांवरून हाकणे, म्हणतात. त्याहूनही आक्षेपार्ह ठरते ती फसवी मोकळीक : खेळाडू डावीकडे जावोत वा उजवीकडे, पुढ्यात तोच राक्षस येतो. हे कळल्यावर आधीच्या विजयांचेही मोल उरत नाही. तथापि ज्या जगात कोणाचाच काही हेतू नाही, तेथे मोकळे सोडलेले खेळाडू नुसते रेंगाळतात. म्हणून अनुभवी सूत्रधार प्रसंगांचा क्रम न आखता पात्रांचे हेतू आखतो. सरदाराला गाव हवे आहे व कोणी न अडविल्यास तो पौर्णिमेपर्यंत काय करील, एवढे ठरले की खेळाडूंच्या अनपेक्षित कृतीलाही उत्तर देता येते.

व्हिन्सेंट बेकर याच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने (२०१०) कथानक आधी ठरविण्यास सूत्रधाराला मनाईच केली. ‘फियास्को’त (२००९) तर सूत्रधारच नाही. ज्याची पाळी असेल तो प्रसंग मांडावयाचा की त्याचा शेवट ठरवावयाचा, यांपैकी एक निवडतो. दुसरे काम इतरांकडे जाते.